लाइनआउटला टिकणारा नकाशा

घराच्या नकाशाचे दोन वाचक असतात. एक महापालिकेच्या नगररचना विभागात बसून प्लॉटची हद्द, मोकळी सोडलेली जागा आणि क्षेत्रफळ तपासतो. दुसरा देवळाईच्या किंवा पडेगावच्या मोकळ्या प्लॉटवर दोरी, खुंट्या आणि फक्की घेऊन उभा असतो. पहिल्याला शंका आली तर नकाशा परत येतो, दुरुस्त होतो, पुन्हा जातो. दुसऱ्याला शंका आली आणि उत्तर कागदावर सापडले नाही, तर तो अंदाजाने खोदतो. चुकीच्या जागी भरलेला कॉलम पुन्हा हलवता येत नाही. म्हणून नकाशा काढायला शिकायचे ते मिस्त्रीसाठी, असे माझे ठाम मत आहे. छत्रपती संभाजीनगरात २० बाय ३० आणि ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर रोज कुठे ना कुठे घर उभे राहत असते. त्यातलेच एक डोळ्यांसमोर ठेवून आपण हे काम क्रमाने पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. नकाशा काढणे वेगळे आणि त्यावर सही करणे वेगळे. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’कडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येते. परवानगीच्या नकाशावर आर्किटेक्टची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशा तयार करणारा माणूस, त्यांच्या हाताखाली काम करतो. आयटीआयमधला ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो दहावीनंतर करता येतो. तंत्रनिकेतनात सिव्हिल डिप्लोमा करणारेही याच कामातून सुरुवात करतात. पण स्वतःचे घर बांधणाऱ्यानेही हे शिकावे. निदान आपण सही करतो त्या कागदावर काय लिहिले आहे ते कळेल.

सुरुवातीला संगणक लागत नाही. पाच मीटरचा स्टीलचा टेप, तीस मीटरचा लांब टेप, पेन्सिल, गुण्या, प्रमाणपट्टी आणि ए-३ आकाराचे कागद एवढे पुरे.

पहिला धडा म्हणजे उभ्या घराची मोजणी. राहते घर घ्या किंवा सिडकोतले एखादे जुने रो-हाऊस घ्या. १९७०च्या दशकापासून सिडकोने इथे एन-२, एन-६, एन-९ अशी नावे देत वसाहती वसवल्या. त्यातली लहान घरे शिकणाऱ्याला फार सोयीची आहेत. शेजाऱ्याशी सामाईक भिंत, दोन-तीन खोल्या, पुढे-मागे थोडी मोकळी जागा. सारे काही एका कागदावर मावते.

मोजायच्या आधी हाताने कच्चे रेखाटन करा आणि मगच टेप उघडा. दारापासून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक भिंत घ्या. टेप कोपऱ्यात धरून तो न हलवता मापे वाचत जावे: दाराची कड, दाराची दुसरी कड, खिडकीची कड, शेवटी समोरचा कोपरा. तुकड्या-तुकड्याने मोजले की प्रत्येक तुकड्यातली छोटी चूक पुढच्यात मिसळत जाते. त्यानंतर प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही. गुलमंडी-बेगमपुऱ्यातल्या जुन्या घरांत असे सर्रास आढळते.

इथे सर्वांत जास्त विसरली जाते ती भिंतीची जाडी. ती दाराच्या चौकटीत टेप आडवा धरून मिळते. मग आतल्या खोल्यांची मापे आणि भिंतींच्या जाड्या यांची बेरीज करा आणि घराच्या बाहेरून घेतलेल्या मापाशी ताडून पाहा. ती जुळली नाही तर पुन्हा मोजा. बेरीज जुळवून पाहण्याची ही सवय हातात बसली की निम्मे शिक्षण झाले.

आता प्रमाण. १:१०० म्हणजे प्रत्यक्षातला एक मीटर कागदावर एक सेंटीमीटर, आणि १:५० म्हणजे एक मीटर कागदावर दोन सेंटीमीटर. परवानगीचा नकाशा साधारण १:१०० मध्ये असतो, तर कामावरचा १:५० मध्ये. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट १:५० ने काढला तर १८३ बाय २४४ मिलिमीटर होतो आणि ए-३ कागदावर नीट बसतो.

आपल्याकडे मालक फुटांत बोलतो, महापालिका मीटरमध्ये मागते आणि मिस्त्री इंचांत बांधतो. गोंधळ होतो तो याच जागी. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ‘दहा फूट म्हणजे तीन मीटर’ असे धरून चालले तर एका खोलीत ४८ मिलिमीटर जातात आणि ओळीने चार खोल्या असतील तर साडेसात इंच. दुसरी चूक दशांश चिन्हाची. १०.५ फूट म्हणजे दहा फूट सहा इंच. मिस्त्री तेच माप दहा फूट पाच इंच असे वाचतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून एका नकाशात एकच पद्धत ठेवावी. शक्यतो मिलिमीटर वापरा आणि तसे नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

रेषांनाही अर्थ असतो. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीवर आडवे कापून वरून पाहिलेले दृश्य. त्या पातळीवर कापल्या जाणाऱ्या भिंती जाड रेषेने दाखवतात. कापल्या न जाणाऱ्या पण खाली दिसणाऱ्या वस्तू, उदाहरणार्थ ओटा किंवा पायऱ्या, बारीक रेषेने येतात. डोक्यावरचे छज्जे, बीम आणि उंचावरची झरोकेवजा खिडकी तुटक रेषेने दाखवतात. या खुणा ‘आयएस ९६२’ या भारतीय मानकात दिल्या आहेत. अभ्यासासाठी शहा, काळे आणि पाटकी यांचे ‘बिल्डिंग ड्रॉइंग’ हे इंग्रजी पुस्तक महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे आहे. त्यातली चित्रे भाषेशिवायही बरेच शिकवतात.

उभे घर कागदावर उतरवता आले की नव्या घराकडे वळा. नव्या घराची सुरुवात कागदपत्रांपासून होते. मालकी हक्काचा उतारा, मंजूर रेखांकन म्हणजे लेआउट, मोजणी नकाशा आणि समोरच्या रस्त्याची रुंदी एवढे हातात हवे. त्यानंतर प्लॉटवर जाऊन चारही बाजू आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजावे. ३० बाय ४० चा प्लॉट खरोखर काटकोनात असेल तर त्याचा कर्ण बरोबर ५० फूट भरतो. कागदावर ३० बाय ४० आणि जागेवर एका टोकाला २९ फूट, असे प्लॉट इथे कमी नाहीत. उत्तर दिशाही अंदाजाने लिहू नये. होकायंत्राने पाहून बाण काढा, कारण मालकाचे वास्तूचे आग्रह आणि पश्चिमेच्या उन्हाचा बंदोबस्त दोन्ही त्याच बाणावर उभे असतात. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या भिंतीवर मोठी खिडकी आणि त्यामागे झोपायची खोली ठेवली तर रात्रीपर्यंत भिंत तापलेली राहते. त्या बाजूला जिना, न्हाणीघर किंवा कपाटांची भिंत घ्यावी.

मग येतात सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती नियमाने मोकळी सोडायची जागा. ती रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरतात. यासाठी डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. आपल्या प्लॉटला नेमके किती अंतर लागू होते, ते सही करणाऱ्या आर्किटेक्टकडून किंवा अभियंत्याकडून लिहून घ्या आणि मगच पहिली रेघ ओढा.

मालकाची सर्वांत मोठी निराशा याच टप्प्यावर होते. ती का होते, हे आकड्यांनी पाहू. समजा प्लॉटची रुंदी ३० फूट, म्हणजे ९.१४ मीटर आहे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचे आहे. उरले ६.१४ मीटर. बाहेरच्या दोन भिंती नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या. त्या गेल्यावर उरले ५.६८. मधली भिंत सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरची, उरले ५.५३. तीस फुटांच्या प्लॉटवर दोन खोल्यांना मिळून अठरा फूट दोन इंचांपेक्षाही थोडी कमीच रुंदी मिळाली, आणि अजून गिलावा बाकी आहे. दोन खोल्या शेजारी-शेजारी ‘बारा बाय बारा’च्या मागणाऱ्या मालकासमोर हे गणित पहिल्याच बैठकीत मांडा.

खोल्यांची किमान मापे ठरलेली आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची आणि २.४ मीटर रुंद असावी, छत किमान २.७५ मीटर उंच असावे. पण किमान माप पाळले म्हणून खोली वापरण्याजोगी होतेच असे नाही. म्हणून प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, सोफा प्रमाणात काढून पाहा. दार उघडले की कपाटाला आपटते का? पलंगाच्या बाजूने माणूस जाईल का? दार कोपऱ्याला चिकटवून दाखवू नका. निदान चार इंच भिंत सोडावी, नाहीतर चौकट बसत नाही आणि पल्लाही पूर्ण उघडत नाही.

जिन्याला भरपूर वेळ द्या. शिकणाऱ्याचा नकाशा सर्वाधिक वेळा अडतो तो इथेच. समजा एका फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत तीन मीटर उंची आहे. प्रत्येक पायरीच्या उभ्या उंचीला रायझर म्हणतात आणि पाऊल ठेवायच्या आडव्या भागाला ट्रेड. तीन मीटरचे अठरा भाग केले की रायझर १६७ मिलिमीटरचा येतो, चढायला बरा. मध्ये वळणाचा चौथरा घेतला तर नऊ-नऊ रायझरचे दोन टप्पे पडतात. आता नीट लक्ष द्या: नऊ रायझरच्या टप्प्यात ट्रेड आठच असतात, कारण नववे पाऊल चौथऱ्यावर पडते. ट्रेड २५० मिलिमीटरचा धरला तर टप्प्याची लांबी दोन मीटर. त्यात ९०० मिलिमीटरचा मधला चौथरा आणि वर पोहोचल्यावर उभे राहायला तेवढीच जागा मिळवा. एकूण लांबी ३.८ मीटर झाली, रुंदी दोन टप्प्यांची मिळून १.९ मीटरच्या आसपास. नकाशात जिन्यासाठी सहा बाय आठ फुटांची चौकट ठेवून पुढे गेलेला माणूस नंतर साऱ्या खोल्या सरकवत बसतो. म्हणून जिना आधी, खोल्या नंतर.

मधला चौथरा फरशीपासून दीड मीटरवर येतो. त्यातून स्लॅबची जाडी वजा करा. त्याखाली शौचालय बसणार नाही, तरीही ते दाखवलेले नकाशे हातात येतात. तिथे पाण्याची मोटर किंवा अडगळ ठीक. डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळे हवे, हे जिन्याच्या प्रत्येक जागी तपासून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट. जिन्याचे काँक्रीट फरशी बसण्याच्या आधी पडते. खाली फरशीचा थर ५० ते ७५ मिलिमीटर चढला आणि पायऱ्यांवर त्याहून पातळ दगड बसला, तर पहिली पायरी बुटकी होते. घरातली म्हातारी माणसे नेमकी तिथे अडखळतात. नकाशात पातळी लिहिताना ती तयार फरशीची आहे, असे स्पष्ट लिहा.

हे सारे प्लॅनमध्ये दिसत नाही, त्यासाठी सेक्शन लागतो. सेक्शन म्हणजे घर उभे चिरून बाजूने पाहिलेले दृश्य. तो जिन्यातून आणि एका न्हाणीघरातून जाईल असा घ्यावा. सोप्या जागेतून घेतलेला सेक्शन दिसतो छान, पण सांगत काहीच नाही. त्यात खालून वर क्रमाने पातळ्या येतात: रस्ता, जमीन, जोते, खिडकीची खालची कड, दारावरचा लिंटेल, स्लॅब, गच्चीचा कठडा. जोते म्हणजे प्लिंथ. राष्ट्रीय संहितेत ते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर उंच सांगितले आहे. मी आणखी थोडे वर घ्यायला सांगेन, कारण रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि काही वर्षांनी पावसाचे पाणी दाराकडे वळते.

जमिनीच्या खालचा भाग या शहरात विशेष जपून दाखवावा. अनेक भागांत वर काळी माती असते, तिच्या खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला की भिंतींना तडे जातात. त्यामुळे पायाची खोली नुसत्या आकड्यात लिहून भागत नाही. ‘कठीण मुरूम लागेपर्यंत’ अशी टीप हवी आणि खड्डा पाहून अभियंत्याने ती खोली पक्की करायला हवी.

न्हाणीघराचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घ्यावा लागतो, म्हणजे पाइप त्यात लपतात. तो किती खाली, हे सेक्शनमध्येच लिहा. सेंटरिंगवाल्याला ते स्लॅब भरायच्या दिवशी कळून उपयोग नाही. पाइपाच्या उताराचे गणितही करा. ६० ला १ असा उतार धरला तर सहा मीटर लांबीत पाइप १०० मिलिमीटर खाली जातो. बाहेरचे चेंबर त्याहून खाली आहे ना, हे आत्ताच पाहून घ्यावे.

पाण्याच्या बाबतीत आपले शहर शिकणाऱ्याला वेगळा धडा देते. जायकवाडीचे पाणी नळाला रोज येत नाही, अनेक वसाहतींत ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. म्हणून जमिनीखालची टाकी ही इथल्या घराची गरज आहे. पाच माणसे, माणशी रोजचे १३५ लिटर आणि आठ दिवसांचा खंड धरला तर ५,४०० लिटर होतात. दोन मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि दीड मीटर पाण्याची खोली असली की ते मावते. बहुतेक जण ही टाकी गाडीच्या जागेखाली घेतात. ती पायाच्या खड्ड्यांना खेटून आणि मैलापाण्याच्या चेंबरशेजारी येणार नाही, हे नकाशात पाहा. झाकण गाडीच्या चाकाखाली येऊ नये.

आता कॉलम. त्यांची मापे आणि सळया स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो, जागा मात्र प्लॅनवरून सुचवल्या जातात. २३० मिलिमीटरचा कॉलम १५० च्या भिंतीत घेतला तर ८० मिलिमीटर बाहेर डोकावतो. तो खोलीत डोकावणार की कपाटामागे, हे आपण ठरवावे. अभियंत्याचा नकाशा आला की तो आपल्या प्लॅनवर ठेवून प्रत्येक कॉलम पाहा. दारात, खिडकीत किंवा गाडीच्या वाटेत आलेला कॉलम याच टप्प्यावर सापडला पाहिजे.

मग सेंटरलाइनचा स्वतंत्र नकाशा करा. त्यात खोल्या नकोत, फर्निचर नको, फक्त कॉलम आणि त्यांच्या मध्यरेषा. एका दिशेच्या रेषांना अ, ब, क आणि दुसऱ्या दिशेच्या रेषांना १, २, ३ अशी नावे द्या. प्रत्येक अंतर आणि शेवटी एकूण अंतर लिहा, बेरीज जुळवा. प्लॉटच्या हद्दीपासून पहिली रेषा किती दूर, हे माप नसेल तर बाकी सारी मापे हवेत तरंगतात. कॉलम मध्यरेषेवर मधोमध आहे की बाहेरच्या भिंतीच्या कडेशी जुळवला आहे, हेही लिहा. भिंतीच्या आतून की मधून, हा मिस्त्रीचा नेहमीचा प्रश्न इथेच मिटतो.

दर्शनी दृश्य, म्हणजे एलिव्हेशन, मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. प्लॅन आणि सेक्शन पक्के असतील तर ते त्यांच्यातूनच उतरते. खिडक्या प्लॅनप्रमाणे आणि उंची सेक्शनप्रमाणे आली, एवढे पाहा.

संगणक या साऱ्यानंतर. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत घर खऱ्या मापातच काढतात आणि प्रमाण छापताना देतात. भिंती, दारे, मापे, मजकूर यांना वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर ठेवावे. परवानगीचे नकाशे आता ऑनलाइन जातात आणि संगणक क्षेत्रफळे तपासतो. त्यासाठी ठरवून दिलेल्या लेअरवर बंद आकृत्या लागतात. कोपऱ्यात रेघ केसभर उघडी राहिली तरी क्षेत्रफळ मिळत नाही.

दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटसाठी नियमावलीने परवानगीची पद्धत सोपी केली आहे. नियम मात्र तेच राहतात, जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. शहराचा मोठा भाग गुंठेवारीतून वाढला आहे. तिथे २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली घर नियमित करायचे तर उभ्या घराचा नकाशा लागतो. २०२१च्या दुरुस्तीने ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. पहिल्या धड्यातली मोजणी शिकलेल्या माणसाला इथे खरे काम मिळते.

लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, होईल त्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे. फक्की टाकण्याआधी सर्वांत बाहेरच्या चार कॉलममध्यांचे कर्ण दोन्ही बाजूंनी मोजावे. फरक निघाला तर खोदकाम थांबवून दोरी पुन्हा लावा. जागेवर जुना नकाशा असेल तर तो परत घ्या, कारण दोन आवृत्त्या एकाच वेळी फिरल्या की गवंडी एकीवरून बांधतो आणि फिटर दुसरीवरून. प्रत्येक बदलाला क्रमांक आणि तारीख द्या. जोत्यानंतर कामावर जे बदल होतील, ते त्याच दिवशी लाल पेनने एका प्रतीवर नोंदवा. भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत जायचा पूर्णत्वाचा नकाशा त्या लाल खुणांवरूनच तयार करायचा असतो.